रंग सर्वांत शेवटी: दिवाळीच्या पाहुण्यांआधी समुद्रकाठच्या घराची डागडुजी

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या सासरचे घर आहे. पुढचा भाग जांभ्या चिऱ्याचा आणि मंगळुरी कौलांचा, तर मागे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, असे त्याचे स्वरूप आहे. काही वर्षांपासून त्या हे घर पर्यटकांना भाड्याने देतात. गणपतीत सगळे कुटुंब तेथे असते, विसर्जन झाले की कुलूप लागते आणि ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यातच उघडते. यंदा वसुबारसेपासूनची आरक्षणे श्रावणातच आली आहेत आणि दुरुस्तीसाठी एक लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. महागडा वॉटरप्रूफ रंग देऊनही दरवर्षी भिंतींना फुगे येतात, म्हणून या वेळी सगळा पैसा उत्तम रंगालाच लावावा, असे त्यांना वाटते. घराची देखरेख करणारे शेजारचे काका मात्र आधी छप्पर बघायला सांगतात. पावसाने फुगलेली दारे तासून घ्यावीत का, विहिरीच्या पाण्याला वास येतो त्याचे काय करावे आणि समुद्राच्या बाजूला पाहुण्यांसाठी लाकडी डेक बांधावा का, असेही त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

काकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि रंग हे आपल्या यादीतील पहिले नव्हे तर अगदी शेवटचे काम आहे. पैशाआधी आपल्याला वेळेचा विचार करावा लागेल. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिजलेला जांभा चार दिवसांत सुकत नाही, आणि मुंबईतूनसुद्धा मोसमी पाऊस सरासरीने 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रंगारी बोलावणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग लावणे. आपल्या भिंतींना येणाऱ्या फुग्यांचे निम्मे कारण या वेळापत्रकातच दडलेले आहे. गणेश चतुर्थी ते दिवाळी हे अंतर सुमारे आठ आठवड्यांचे असते आणि तोच आपला खरा हंगामपूर्व काळ आहे. सध्या तो कुलपाआड वाया जातो.

म्हणून गणपतीच्या मुक्कामातच कामाला सुरुवात करावी, अशी माझी पहिली सूचना आहे. त्या दिवसांत पाऊस पडत असतो, ही अडचण नसून सोय आहे, कारण छप्पर कोठे गळते हे फक्त पाऊसच दाखवू शकतो. ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात कौलांकडे पाहून कोणताही गवंडी ते नेमकेपणाने सांगू शकणार नाही. एखादी मोठी सर येऊन गेली की विजेरी घेऊन माळ्यावर जावे, ओले वासे आणि ओल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) खडूने खुणावाव्यात, मोबाइलवर छायाचित्रे काढावीत आणि भिंतींवर ओल जेथपर्यंत चढली आहे तेथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. दसऱ्याला याच रेघेशी तुलना केल्यावर भिंत सुकते आहे की नाही, हे कळेल. शिवाय गणपतीत चाकरमान्यांसह सारे गाव घरी असते, त्यामुळे गवंडी, सुतार, वायरमन आणि माडावर चढणारा पाडेली यांची प्रत्यक्ष गाठ घेऊन दिवस ठरवून टाकता येतात. ऑक्टोबरमध्ये भातकापणी सुरू झाली की दुप्पट मजुरी देऊनही माणूस मिळणे कठीण होते. पितृपक्षात बरेच लोक नवे काम काढत नाहीत, त्यामुळे कारागीर तुलनेने मोकळे असतात. आपले काम नव्या वास्तूचे नसून डागडुजीचे आहे, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांची हरकत नसेल, तर त्या पंधरवड्याचा उपयोग जरूर करून घ्यावा.

शक्य असल्यास विसर्जनानंतर घराला पूर्ण कुलूप लावू नये. उघडीप असेल त्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात खिडक्या, कपाटे आणि माळ्याचे झरोके उघडण्याचे काम काकांकडे सोपवावे आणि त्याचा मोबदला त्यांना वेगळा द्यावा. एक लाखातील सर्वांत सत्कारणी लागणारे पैसे कदाचित हेच असतील.

आता छपराकडे वळू. शाकारणी, म्हणजे पावसाळ्याआधीची छपराची डागडुजी, हे मे महिन्याचे काम असल्याचे आपण ऐकले असेल, आणि संपूर्ण छप्पर उतरवून कौले परतायची असतील तर ते खरेही आहे. मात्र फुटलेली कौले, उचकटलेले कोने (आढ्यावरची कौले) आणि कुजलेल्या रिपा मेपर्यंत तशाच ठेवू नयेत. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पावसाळ्यानंतर. 3 जून 2020 रोजी आलेले निसर्ग वादळ सर्वांच्या लक्षात आहे, कारण त्याने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. त्याआधी 2009 मध्ये फयान वादळ नोव्हेंबरात आले होते आणि 2019 मध्ये क्यार ऐन दिवाळीत किनाऱ्याजवळून गेले होते, हे मात्र पुष्कळजण विसरतात. घरात पाहुणे असताना कौले उडण्याची शक्यता याच दिवसांत असते. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या कौलांना वाऱ्याचा सर्वाधिक जोर सोसावा लागतो, त्यामुळे तेथील रांगा तांब्याच्या किंवा पीव्हीसी आवरण असलेल्या तारेने रिपांना बांधून घ्याव्यात. साधी लोखंडी तार या हवेत फार काळ टिकत नाही. शेवाळ काढण्यासाठी उच्चदाबाच्या पाण्याचा फवारा मारण्याची सध्या टूम आहे. जुन्या कौलांवर तो मारू नये, कारण त्याने कौलाचा वरचा भाजलेला थर खरवडला जातो आणि कौल अधिक पाणी पिऊ लागते. ताठ केसांचा ब्रश आणि साधे पाणी पुरेसे आहे. पन्हळीतील सुरूच्या काड्या आणि माडाचा कचरा काढून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे आणि ते कोठे पडते, ते स्वतः खाली उभे राहून बघावे.

ते पाणी कोठे पडते, यावरच आपल्या फुगणाऱ्या भिंतींचे उत्तर अवलंबून आहे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी शोषतो आणि सवड मिळाली की हवेत सोडूनही देतो. जुन्या काळी त्याला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी देत असत. ती दरवर्षी द्यावी लागे, पण तिच्यातून ओल बाहेर पडू शकत असे. आपण बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर रबरासारखा वॉटरप्रूफ रंग दिला आहे, असे पत्रावरून दिसते. पाणी मात्र त्या रंगातून आत शिरत नाही. ते जोत्यातून वर चढते, पागोळ्यांच्या शिंतोड्यांतून येते आणि खिडकीच्या फटींतून झिरपते. बाहेर पडायची वाट रंगाने बंद केल्यामुळे ऊन पडताच तेच पाणी वाफ होऊन रंगाला आतून ढकलते, आणि समुद्रकाठच्या क्षारांचे पांढरे फूल त्याच फुग्याखाली धरते. पुढच्या वर्षी आणखी जाड, आणखी महाग रंग दिला, तर फुगाही तितकाच मोठा येईल. रंगाच्या डब्यावर लिहिलेली सात किंवा दहा वर्षांची हमी सुकलेल्या भिंतीसाठी असते, हे त्याच डब्यावरील बारीक अक्षरांत सापडेल.

त्यामुळे भिंतीचे काम जमिनीपासून सुरू करावे. बाहेरची जमीन जोत्याच्या वरच्या कडेहून निदान वीतभर खाली आहे का, ते पाहावे. पर्यटकांच्या गाड्यांसाठी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या पुष्कळ घरांत जमिनीची पातळी नकळत वर येते आणि पाण्याचा उतार घराकडे होतो. आपल्याकडेही तसे झाले असल्यास भिंतीलगतच्या दोन फुटांतील ब्लॉक काढून तेथे उतार बाहेरच्या बाजूला काढावा आणि खडी पसरावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी भिंतीवर उडणार नाही. मग फुगलेला रंग आणि ढब आवाज करणारा गिलावा खरवडून काढावा. पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाकावेत. ते पाण्याने धुऊ नयेत, कारण धुतलेला क्षार पुन्हा भिंतीतच जातो. हे सारे घटस्थापनेच्या आत उरकावे आणि नंतर भिंत तशीच उघडी ठेवावी. ऑक्टोबरचे ऊन कोकणात नकोसे वाटते, पण आपल्या भिंतींसाठी याहून चांगला आणि फुकटचा कारागीर नाही.

भिंत सुकली की नाही, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. हातभर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक पूर्ण दिवस-रात्र तसाच ठेवावा. काढताना आतल्या बाजूला दव धरलेले दिसले किंवा भिंत तेवढ्या जागी काळसर झालेली आढळली, तर रंगाऱ्याला थांबवावे. दसऱ्यानंतर ही परीक्षा दोन-तीन ठिकाणी करावी आणि त्यातील एक जागा जमिनीपासून हातभर उंचीवर असावी. जेथे भिंत पास होईल, तेथे चुना-सफेदी किंवा वाफ बाहेर सोडणारा खनिज रंग द्यावा. जेथे होणार नाही, तेथील चिरा यंदा उघडाच ठेवावा. नीट झाडून-पुसून स्वच्छ केलेला उघडा जांभा पाहुण्यांना आवडतो, त्याची छायाचित्रेही चांगली येतात. सोललेला गुलाबी रंग कोणालाच आवडत नाही.

मागच्या स्लॅबच्या खोल्यांबद्दल आपण पत्रात काहीच लिहिलेले नाही, आणि मला अधिक काळजी त्यांचीच वाटते. खाऱ्या हवेतील क्लोराइड सिमेंटमधून हळूहळू आत शिरून सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजली की तिचे आकारमान वाढते आणि ती स्वतःवरच्या काँक्रीटला फोडून बाहेर ढकलते. छताच्या खालच्या बाजूला सरळ रेषेत जाणारी चीर, तिच्या कडेने उतरलेला तांबूस डाग आणि हातोडीने हलके ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, या तिन्ही खुणा बाल्कनीच्या आणि गच्चीच्या कडेला आधी दिसतात. त्या आढळल्या तर गवंड्याकडून वर सिमेंट थापून घेऊ नये, कारण आतला गंज थांबत नाही आणि पुढच्या खेपेला तो थर एखाद्याच्या डोक्यावर पडतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, पोकळ भाग सळईच्या मागपर्यंत फोडून, सळई घासून आणि आवश्यक तेथे बदलून दुरुस्ती करावी लागते. ती दिवाळीपूर्वी शक्य नसेल, तर त्या बाल्कनीचे दार कुलूप लावून बंद ठेवावे आणि आरक्षण करणाऱ्यांना तसे आधीच कळवावे. भाडे थोडे कमी घ्यावे लागले तरी ते परवडेल.

दारांच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल: दिवाळीआधी रंध्याला हात लावू देऊ नये. सप्टेंबरात अडकणारे दार ओलीने फुगलेले असते. ते तेव्हा तासले, तर जानेवारीत लाकूड आक्रसल्यावर बोटभर फट पडते आणि पुढच्या पावसात त्याच फटीतून पाणी आत येते. बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होऊन दार खाली उतरले आहे का, हे आधी पाहावे, कारण अडकण्याचे कारण बऱ्याचदा तेच असते. डिसेंबरअखेरही दार अडकत राहिले, तर मात्र तासावे आणि तासलेली कड, विशेषतः दाराची खालची कड, त्याच दिवशी तेलपाणी किंवा वॉर्निश देऊन बंद करावी. चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि लाकडातून पिठासारखा भुसा गळत असेल तर ती वेगळी कीड. दोन्हींचे उपचार निराळे आहेत, म्हणून कीड पाहिल्याशिवाय औषध फवारून जाणाऱ्याला परत पाठवावे. माळ्यावरील झाकलेल्या वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत आजही चांगली आहे. मात्र ते कातडीला भाजते, त्यामुळे हातमोजे घालूनच लावावे, आणि जेथे पाहुण्यांचा हात लागेल अशा लाकडाला लावूच नये.

समुद्रापासून पहिल्या काही शे मीटरमध्ये वाऱ्यातील क्षार सर्वाधिक असतात आणि आपले घर नेमके त्याच पट्ट्यात आहे. गंजलेल्या ग्रिलवर थेट रंग फासला, तर तो एका पावसातच सुटतो, कारण गंजाच्या खळग्यांत मीठ शिल्लक राहिलेले असते. आधी गोड्या पाण्याने धुणे, सुकल्यावर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासणे, त्याच दिवशी प्रायमर देणे आणि मगच रंगाचे दोन हात देणे, हा क्रम रंगाऱ्याला समोर उभे राहून पाळायला लावावा. नळ, कड्या आणि हँडल बदलायचे झाल्यास पितळेचे किंवा 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. दुकानात ‘स्टील’ म्हणून सहसा 304 प्रत मिळते आणि समुद्रकाठी तिच्यावर वर्षभरात चहासारखे डाग पडतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या हवेत पुष्कळ अधिक टिकते.

पडवीतील झोपाळ्याचा येथे स्वतंत्र उल्लेख करतो, कारण कोकणातील घरात पाहुणा पाय ठेवल्याबरोबर झोपाळ्यावर बसतो, आणि एकटा बसत नाही. तुळईतील हूक आणि कडी जेथे एकमेकांवर घासतात, तेथे धातू झिजून खाच पडते आणि खालून ती दिसत नाही. शिडीवर चढून, कड्या सोडवून प्रत्येक जोड पाहावा, आणि मूळ जाडीच्या मानाने धातू उघडपणे झिजलेला दिसला, तर हूक आणि साखळी दोन्ही बदलावेत. हुकाभोवती तुळईला चीर गेली असेल, तर झोपाळा उतरवून ठेवावा.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि त्यात काटकसर करू नये. बंद घरातील स्विचबोर्डमध्ये मुंग्या आणि पाली घर करतात आणि खाऱ्या ओलीने जोड हिरवे पडतात. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल, तर तो याच खेपेस बसवून घ्यावा. असेल, तर त्याचे चाचणी बटन दाबल्यावर वीज तत्काळ खंडित होते का, हे पाहावे. अर्थिंगचे मापन करून त्याचा आकडा लिहून घ्यावा. एसीच्या बाहेरच्या युनिटवरील मिठाचा थर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा आणि ते ज्या लोखंडी कंसांवर टेकले आहे त्यांचे बोल्ट तपासावेत. गीझरच्या बाबतीत माझा आग्रह अधिक कडक आहे. न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर तो दिवाळीपूर्वी तेथून काढून बाहेर मोकळ्या हवेत बसवावा किंवा त्याऐवजी विजेचा घ्यावा. बंद न्हाणीघरात त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे माणसाला बाहेर पडण्याइतकीही शुद्ध राहत नाही. गॅसची नळी आयएसआय चिन्हाची असावी आणि पाच वर्षे झाली असल्यास बदलावी. उंदरांनी कुरतडलेली दिसली, तर त्याच दिवशी बदलावी. पाहुण्यांसाठी स्वयंपाक होत असेल, तर 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर नियमात बसत नाही, 19 किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागेल.

विहिरीच्या पाण्याला येणाऱ्या वासाचे कारण बहुधा कुजलेला पाला हे असेल, पण शोषखड्ड्याचे पाणी विहिरीत झिरपत असण्याची शक्यता आधी निकालात काढली पाहिजे. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान 15 मीटर अंतर असावे. ते कमी असेल, तर विहिरीचे पाणी पाहुण्यांना पिण्यासाठी देऊच नये. पाला आणि गाळ काढून घ्यावा, कठड्याच्या फटी बुजवाव्यात आणि वर जाळी टाकावी. त्यानंतर निर्जंतुकीकरणासाठी ग्रामपंचायतीत जिला टीसीएल पावडर म्हणतात ती चांगल्या प्रतीची, ताजी ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम या प्रमाणात घ्यावी. विहिरीचा व्यास अडीच मीटर आणि पाण्याची खोली चार मीटर असेल, तर पाणी साधारण साडेएकोणीस हजार लिटर भरते, म्हणजे पावडर 50 ग्रॅमच्या आसपास लागेल. ती बादलीभर पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी, चुन्याचा साका तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळावे. निदान तासभर ते पाणी वापरू नये. गावातील जलसुरक्षकाकडे ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीचे साहित्य असते, त्यामुळे क्लोरीन उरले आहे की नाही, हे तेथल्या तेथे कळते. एवढे करूनही वास परत आला, तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. मार्च-एप्रिलपर्यंत पाणी मचूळ होत असेल, तर त्यास मोठा पंप कारणीभूत असू शकतो. किनाऱ्यावर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि ते एका दमात उपसले तर खालचे खारे पाणी वर ओढले जाते. लहान पंप थोडा-थोडा वेळ चालवून टाकी भरणे, हा त्यावरचा उपाय आहे.

सेप्टिक टँक विसर्जनानंतर लगेच रिकामी करण्याचा मोह टाळावा. त्या वेळी जमिनीतील पाण्याची पातळी वर असते आणि रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, त्या पाण्याने वर उचलली जाऊन नळ तुटतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर टँकर बोलवावा. कोणत्याही कारणासाठी माणूस टाकीत उतरवू नये, तो जीवघेणा प्रकार आहे आणि 2013 च्या कायद्याने गुन्हाही आहे. न्हाणीघरात दुर्गंधी येत असेल, तर ती मात्र टाकीची नसून सुकलेल्या नहाणी ट्रॅपची (मोरीच्या जाळीखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भागाची) असण्याचा संभव अधिक असतो, आणि दोन तांबे पाणी ओतल्यावर ती थांबते.

घराबाहेरची दोन कामे दिवाळीआधी झालीच पाहिजेत. अंगणावर आणि गाड्या लागतात त्या जागेवर झुकलेल्या माडांचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या पाडेल्याकडून उतरवून घ्याव्यात. चिऱ्यांचे ढीग, जुनी कौले, सरपण आणि पालापाचोळा घरापासून दूर हलवावा, कारण कोकणात फुरसे हा विषारी साप अशाच आडोशाला राहतो. हे काम भरदिवसा, पायांत बूट घालून आणि काठीने चाळवून करावे. पडवीतील फलकावर सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक, 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवाव्यात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हा जुना हिशेब अंदाजापुरता ठीक आहे, पण पाहुण्यांना छापील वेळापत्रकावरूनच वेळा द्याव्यात. गाद्या-उशांना सलग दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवावे, आणि ज्यांचा कुबट वास त्यानंतरही जात नाही, त्या बदलाव्यात.

खर्चाचा अंदाज आपल्या गावातील दरांवरच ठरेल, परंतु क्रम मी असा लावेन. वीज, गीझर आणि झोपाळा यांचे पैसे सर्वप्रथम वेगळे काढावेत, नंतर छप्पर, पन्हळी आणि भिंतीलगतचा उतार, मग विहीर आणि सेप्टिक टँक, आणि उरलेल्या रकमेत पुढची पडवी आणि पाहुणे प्रथम पाहतात ती ओटी एवढीच रंगवावी. स्लॅबमध्ये गंज निघाला, तर एक लाख पुरणार नाहीत. अशा वेळी रंग पूर्णपणे रद्द करून इंजिनिअरची पाहणी तरी यंदा करून घ्यावी.

राहिला समुद्राच्या बाजूचा डेक. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार भरतीरेषेलगतच्या ना-विकास पट्ट्यात अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती करता येते, पण जोत्याचे क्षेत्र वाढवता येत नाही. तो पट्टा ग्रामीण भागात लोकसंख्येच्या घनतेनुसार 50 किंवा 200 मीटरचा धरला जातो, आणि आपले घर हाकेच्या अंतरावर असल्याने ते त्यात येण्याचीच शक्यता अधिक आहे. ‘लाकडीच तर आहे’ ही सबब तेथे चालत नाही, आणि सुतार किंवा ठेकेदार छातीठोकपणे सांगतो म्हणून परवानगीशिवाय खांब रोवू नयेत. त्याऐवजी संध्याकाळी बाहेर मांडता येतील आणि रात्री पडवीत उचलून ठेवता येतील अशा चार आरामखुर्च्या घ्याव्यात. त्या घेताना स्क्रू पितळेचे आहेत का, तेवढे पाहावे.